पोपडे

ईस्टरला अकरा दिवस उरले की सेवास्ती
कुंड्या उन्हात काढते.
एकूण तेवीस. चोविसावी गेल्या साली मांजराने पाडली,
तिची खापरं आता बाकीच्यांच्या तळाशी, निचऱ्याला.

मी शेजारचा. माझं काम कुंडी धरायची,
सावकाश फिरवायची,
आणि बोलायचं नाही.

बाकी गल्लीत चुना चालतो. कुंडीच्या काठाला पांढरी पट्टी,
पायऱ्यांच्या सांध्यांना पांढरी रेघ, झालं.
हिच्या तळघरात मात्र डबे आहेत, मिकेसचे.
तो होड्या रंगवायचा.
किथ्नोसच्या या खाडीत जेवढ्या लाकडी होड्या
तेवढे डबे,
प्रत्येकावर खिळ्याने कोरलेलं नाव.
झाकण उचकटलं की आधी साय,
जाड, सुरकुतलेली, दूध विसरून गेल्यासारखी.
ती चाकूने कडेकडेने कापून सेवास्ती अख्खी उचलते
आणि खाली रंग,
अजून ओला.

'कातिना'चा हिरवा, जरासा पिवळ्याकडे झुकलेला.
'दोन भाऊ'चा शेंदरी. भाऊ एकमेकांशी बोलत नसत,
रंगावर तेवढं एकमत.
'आयिया इरिनी'चा निळा,
जो मिकेसने तीनदा मिसळला आणि तीनदा
मालकिणीने परत पाठवला.

होड्या आता नाहीत.
मासे आटले तेव्हा अथेन्सहून कागद आला:
परवाना परत करा, पैसे घ्या,
होडी मोडताना आमचा माणूस हजर राहील.
बुलडोझर फेरीबोटीतून उतरला. आम्ही पोरं त्याच्यामागे धावलो,
बेटावर एवढं मोठं पिवळं काही कधी आलं नव्हतं.
माझ्या बापाने सही केली होती.
'कलिओपी'ला चार मिनिटं लागली.
मला वाटलं होतं कडाडेल.
ओली फांदी पिरगाळावी तेवढाच आवाज झाला,
मग कुणीतरी सिगरेट पेटवली.

यातलं काही सेवास्ती बोलत नाही. ती म्हणते,
"फिरव. थांब. ओघळ आला."

मातीवर हा रंग टिकत नाही, सगळ्या बेटाला ठाऊक.
पाणी बाहेर ठेवायला केलेला रंग तो,
इथे पाणी आतून येतं.
रोज संध्याकाळी ती सब्ज्याला पाणी घालते,
माती पिते, मग कुंडी पिते,
आणि जुलैत फुगे धरतात.
टिचकी मारली की निळं टरफल
अंगणभर.
पांतेलिस कुंभार दर वर्षी दारातून सांगतो,
आतून आधी डांबर फास, बाई, दहा वर्षं बघायला नको.
ही म्हणते, "आणि मुळांनी काय करायचं, गुदमरायचं?"
मग तो जाताजाता सब्ज्यावरून हात फिरवतो,
तळव्याचा वास घेत चढ चढतो.

दर वर्षी खरवडायचं. दर वर्षी लावायचं.
डब्यांना तळ दिसू लागलाय.

यंदा 'आयिया इरिनी'ची कुंडी खरवडताना
काठाखाली नखाएवढा
पिवळा निघाला.
बुलडोझरचा नव्हे. मऊ, अंड्याच्या बलकाचा,
'कलिओपी'त आतून, बसायच्या फळ्यांना होता तो,
ज्यावर माझ्या मांड्या उन्हात चिकटायच्या.
मी फिरवायचा थांबलो.

"हा डबा कुठाय?"
"संपला. तू शाळेत होतास."
"कुठल्या कुंड्यांना लावला?"
"सगळ्या. पहिल्या वर्षी तेवढाच उघडला होता.
तुझा बाप घेऊन आला, रात्री. म्हणाला, घरात नको."

बाप आता धक्क्यावर फेरीबोटींचे दोर झेलतो.
रोज याच गल्लीतून जातो, याच तेवीस कुंड्यांवरून.
चोवीस होत्या.

सेवास्तीने ब्रश रॉकेलात बुडवला, निथळला,
फडक्याला पुसला, पुन्हा पुसला.
मग निळा घेतला
आणि ती नखाएवढी जागा सोडून
भोवतीने लावत गेली.

"ओघळ आला," मी म्हणालो.
"येऊ दे. तू फिरव."